मर्यादवेल: पुळणीवर कुठे शोधायची, कशी ओळखायची, कशी लावायची

मर्यादवेल बघायला निघायचं तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोकणात भरतीचा ढोबळ हिशोब तिथीवरून करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मी विद्यार्थ्यांना नेताना पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यानंतरची प्रतिपदा-द्वितीया धरते. मध्यरात्रीनंतर उधाणाची भरती येऊन गेलेली असते आणि सकाळी सात-साडेसातला समुद्र दूर गेलेला असतो.

वेल वर कोरड्या वाळूत असते, मग ओहोटीचं काय एवढं, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ओहोटी वेलीसाठी नाही, ओळीसाठी लागते. रात्रीच्या उधाणाने पुळणीवर कचऱ्याची एक ओळ टाकलेली असते: शेवाळ, काटक्या, सुरूची फळं, शिंपले, हल्ली बाटल्यांची झाकणं आणि एखादी चप्पल. ती ओळ सापडली की तिच्याकडे तोंड करून नव्हे, पाठ करून उभं राहायचं. आता जमिनीच्या दिशेने जे पहिलं हिरवं दिसेल, ते बहुतेक वेळा हीच वेल असते, नाहीतर रावणाची मिशी नावाचं गवत.

वर्गात फुलापासून सुरुवात करतात, कारण पुस्तकात चित्र फुलाचं असतं. किनाऱ्यावर मात्र मी क्रम उलटा ठेवते. आधी जागा, मग खोड, मग पान, आणि फूल सगळ्यात शेवटी. कारण फूल दुपारपर्यंतच असतं आणि त्याच्यासारखी दिसणारी डझनभर फुलं कोकणात आहेत. या जागी या तऱ्हेने वाढणारी आणि टोकाला दुभागलेल्या पानाची वेल मात्र एकच आहे.

जागा

दापोली तालुक्यातल्या आंजर्ले, केळशी, कर्दे अशा लांब पुळणी यासाठी उत्तम. ओल्या, घट्ट वाळूवर काहीच उगवत नाही. त्याच्या वर कचऱ्याची ओळ. तिच्या वर वाळू सैल होते, पाय रुतायला लागतो, आणि जमीन किंचित उचलल्यासारखी होते, कुठे वीतभर तर कुठे गुडघाभर. हा वाळूच्या टेकडीचा पहिला, सगळ्यात कोवळा उंचवटा. मर्यादवेलीचं घर ते. तिच्या सोबतीला रावणाची मिशी असते, ते टोकदार, टोचणाऱ्या पानांचं गवत. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि मादी झाडाचा काटेरी गोळा सुटून वाऱ्यावर पुळणभर गडगडत जातो. मुलं वेल सोडून त्याच्याच मागे धावतात. धावू द्यावं.

आणखी मागे गेलं की झुडपं येतात: समुद्रकाठची निर्गुडी, कोयनेल, केवडा. त्यांच्या मागे उंडी, माड, आणि बहुतेक ठिकाणी वनखात्याने लावलेली सुरूची रांग. सुरूखाली मर्यादवेल शोधू नका. तिला पूर्ण ऊन लागतं, आणि सुरूच्या गळलेल्या काड्यांचा थर तर जवळजवळ काहीच उगवू देत नाही. सुरूची सावली जिथे संपते त्या कडेवर ती पुन्हा दिसायला लागते.

खडकाळ किनाऱ्यावर किंवा खाडीच्या चिखलात वेळ घालवू नका. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल तर त्यावर जरूर बघा.

खोड आणि मुळं

वेलीचं एक टोक पकडा आणि मुळाकडे चालत जा. हे मी अक्षरशः करायला लावते. दहा-पंधरा मीटर चाल सहज होते, आणि ३० मीटरपर्यंत लांबीच्या वेलींच्या नोंदी आहेत. चालताना दोन गोष्टी हाताला कळतात. एक, ही वेल कशालाही विळखा घालत नाही. तिच्या बहुतेक भावंडांना आधार लागतो, कुंपण सापडलं की ती चढतात. ही जमिनीवरच पसरते. दोन, जवळजवळ प्रत्येक पेरापाशी ती वाळूला अडकलेली असते, कारण पेरापेराला मुळं फुटलेली असतात. मूळ खोडाशी पोचलात तर तिथे खाली जाणारं जाड सोटमूळ असतं. ते उकरून बघू नका.

पेरांना फुटणारी मुळं हीच तिची इथे टिकण्याची युक्ती आहे. वाऱ्याने वाळू येते आणि वेलीच्या पानांपाशी अडते. वेल अर्धी गाडली जाते. गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, शेंडा पुन्हा वर येतो, पुन्हा वाळू अडते. उंचवटा असा वाढत जातो. पावसाचं गोडं पाणी या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वरच्या थरात राहतं. खोल गेलेल्या मुळांना ते मिळतं. म्हणून मे महिन्यात, वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही तेव्हासुद्धा, हिची पानं ताजी हिरवीगार असतात.

देठ किंवा कोवळा शेंडा तुटला की पांढरा चीक येतो. ओळखीसाठी एक पान पुरे. चीक डोळ्याला लागू देऊ नका.

पान

एकदा नीट पाहिलं की पुन्हा कधी चुकणार नाही असं पान. आपट्याच्या पानासारखं, म्हणजे टोकाला खाच पडून दोन गोल पाळ्या झालेलं. दसऱ्याला ज्याने सोनं वाटलंय त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. फरक स्पर्शात आहे. आपट्याचं पान पातळ आणि खरखरीत, हे जाड, मांसल, गुळगुळीत. लांबी ४ ते १० सेंटिमीटर. कोवळी पानं मधल्या शिरेवर मिटलेली असतात आणि भर उन्हात मोठी पानंही दोन पाळ्या वर उचलून घेतात. त्यामुळे सूर्याचा मारा पात्यावर थेट बसत नाही. देठ वळून बरीचशी पानं खोडाच्या एकाच बाजूला उभी राहिलेली दिसतात, तेही पाहून ठेवा.

आता भिंग काढा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग चालतं. देठ जिथे पात्याला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी दिसतील. त्यातून गोड रस पाझरतो, फुलाशी त्याचा काही संबंध नाही. तिथे मुंग्या असतातच. त्या रसावर येतात आणि पानं कुरतडणाऱ्या किड्यांना त्रास देतात. पानांवर गोल भोकं पडलेली दिसली तर पान उलटं करा. सोनेरी चकाकीचा, पाठीवर पारदर्शक कवच असलेला एक लहान कासवभुंगा सापडण्याची शक्यता आहे. या कुळातल्या वेलींवर तो ठरलेला.

खाचेची खोली जागेनुसार बदलते. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर, म्हणजे आपल्याकडे, खाच खोल असते. अटलांटिक आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर ती बऱ्याचदा नुसतीच उथळ. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावरून उपप्रजाती पाडल्या आहेत. नातवंडांनी ब्राझीलहून किंवा हवाईहून फोटो पाठवला आणि पान वेगळं वाटलं, तर वेल वेगळी आहे असं लगेच ठरवू नका. एकाच वेलीवरही दहा पानं तोडून न घेता नुसती ताडून पाहिली तर बराच फरक दिसतो.

फूल

सकाळी आठ ते दहा ही वेळ. उमललेलं फूल जांभळट गुलाबी, घशात गडद, नरसाळ्याच्या आकाराचं, ३ ते ६ सेंटिमीटर. पाकळ्या पाच, पण एकमेकींना पूर्ण जोडलेल्या, म्हणून तोडायला वेगळी पाकळी मिळतच नाही. प्रत्येकीच्या मधोमध एक गडद पट्टा असतो, आणि पाच पट्ट्यांची मिळून चांदणी होते. कळी बघा, तिला पीळ दिलेला असतो. रताळ्याचं फूल पाहिलं असेल तर ओळख पटेल, दोघी एकाच प्रजातिगणातल्या, आयपोमियातल्या. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिला कॉनव्हॉल्व्हुलस या दुसऱ्या गणात घातलं होतं, आयपोमियात ती नंतर आली.

हे दोन गण वेगळे कसे करायचे ते फुलात दिसतं. एक फूल उभं चिरा. पाच पुंकेसर आत पाकळीच्या नळीला चिकटलेले, लांबीला असमान, बुडाशी केसाळ. मधल्या कुक्षीचं टोक पाहा. आयपोमियात ते दोन गोल गाठींचं असतं, कॉनव्हॉल्व्हुलसमध्ये दोन लांबट धाग्यांचं. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर परागकण काचपट्टीवर झटकून न्या. आयपोमियाचा कण गोल आणि काटेरी असतो. मुलांना इतर सगळं विसरलं तरी हे काटे लक्षात राहतात.

दुपारपर्यंत कडा आत वळतात आणि फूल मिटतं. मिटलेलं फूल पुन्हा उमलत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी कळी. ढगाळ दिवशी थोडा जास्त वेळ मिळतो. काळे भुंगे आणि मधमाशा सकाळीच येऊन जातात, म्हणून परागण बघायचं असेल तर चहा नंतर प्या.

कुणाशी गल्लत होते

त्याच वाळूवर, तशीच पसरणारी, तशाच गुलाबी फुलांची अबईच्या नात्यातली एक वेल असते. सगळ्यात जास्त फसवणारी तीच. पण तिचं पान तीन पर्णिकांचं आणि फूल वालाच्या फुलाच्या घडणीचं, नरसाळं नव्हे. शेंग दिसली तर प्रश्नच मिटला.

गारवेल कुंपणांवर आणि रेल्वेच्या कडेला. तिचं पान पंजासारखं पाच-सात भागांत चिरलेलं. बेशरमचं फूल फिकट गुलाबी आणि मोठं, पण ते झुडूप आहे, गटारांच्या आणि तळ्यांच्या काठाला उभं राहतं, पान बदामी. मूळचं अमेरिकेतलं. नाळीची भाजी गोड्या पाण्यात तरंगते, खोड पोकळ. समुद्रशोक नावामुळे गोंधळात टाकतो, पण तो मोठा चढणारा वेल आहे, पानाची खालची बाजू रुपेरी लवदार, आणि पुळणीच्या पुढच्या रांगेत तो येत नाही. हे सगळे एकाच कुळातले आहेत. फुलाचा फोटो पाठवून 'मॅडम, ही मर्यादवेल ना?' असं विचारणाऱ्यांना मी एकच उत्तर देते: पानाच्या टोकाचा आणि पायाखालच्या जमिनीचा फोटो पाठवा.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनिरीक्षणं नोंदवायच्या संकेतस्थळावर, नोंद टाकायची असेल तर हे फोटो घ्या: पानाचं टोक, देठावरच्या ग्रंथी, मुळं फुटलेलं पेर, फूल बाजूने म्हणजे खालची निदलं दिसतील असं, आणि एक मागे सरकून काढलेला, ज्यात समुद्र आणि वेल दोन्ही येतील. शेवटचा फोटो लोक काढत नाहीत. ओळखीला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

वाळवून जतन करायची तर एक अडचण आहे. पान मांसल असल्यामुळे वर्तमानपत्रात दाबलं की आत ओल राहते आणि ते काळं पडतं. पान क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून, पुसून मग दाबावं, आणि पहिला आठवडाभर कागद रोज बदलावा. फूल मात्र घरी आणून दाबता येत नाही. ते तिथेच, पुळणीवर, वहीत पसरून मिटायच्या आत दाबायचं.

बोंड, बिया आणि त्यांचा प्रवास

फूल गळलं की निदलांच्या मध्ये एक गोल बोंड धरतं, साधारण दीड सेंटिमीटरचं. वाळल्यावर त्याचे चार तुकडे होतात आणि आत बहुधा चार बिया. बी मटाराएवढी, एका बाजूला गोल आणि दुसरीकडे तिकोनी, अंगावर तपकिरी मखमली लव. एक बी पेल्यातल्या पाण्यात टाका. तरंगते. बीच्या आत हवेची जागा असते आणि कवच पाणी आत येऊ देत नाही, त्यामुळे ती समुद्रात महिनोन्महिने राहूनही रुजू शकते. उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ सगळ्या वालुकामय किनाऱ्यांवर ही एकच वेल का, त्याचं कारण हे.

क्राकातोआचं उदाहरण मी नेहमी देते. जावा आणि सुमात्रा यांच्या मधलं ते बेट ऑगस्ट १८८३ मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटात उद्ध्वस्त झालं, उरलेला भाग राखेखाली गेला. १८९७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे उतरले तेव्हा किनाऱ्यावर मर्यादवेलीची गादी तयार झालेली होती. शिंपर या जर्मन शास्त्रज्ञाने तर १८९१ मध्येच अशा किनारी वनस्पतींच्या समूहाला हिचंच नाव दिलं होतं.

वर्षाचं वेळापत्रक

पावसाळ्यात आपल्याकडच्या लाटा पुळण खातात. जुलैत गेलात तर पुढचा उंचवटा कापला गेलेला दिसेल, उभी कडा, आणि त्या कडेवरून वेलीची लांब खोडं मुळांसकट लोंबकळत असतील. ते बघून वेल मेली असं समजू नका. गणपतीनंतर वाळू परत यायला लागते आणि लोंबणारी खोडं तिच्यावर टेकली की पुन्हा मुळं धरतात. ऑक्टोबर ते मे हा पाहण्याचा हंगाम. शेंड्याजवळ एक काठी रोवून ठेवा आणि पंधरवड्याने परत या, मुलांना वाढ मोजायला आवडतं. नोव्हेंबर ते मार्च मात्र सांभाळून. या वेलीच्या पुढच्या उघड्या वाळूतच ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री विजेऱ्या घेऊन फिरू नका. कासवाची रांगल्याची खूण दिसली तर तिथे न थांबता गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

लावायची असेल तर

माझ्याकडे हा प्रश्न बहुधा किनाऱ्यालगत घर किंवा खोल्या असणाऱ्यांकडून येतो. वाळू अंगणात येते, काय करू? एका न्याहारी-निवासाच्या मालकांनी आधी पाहुण्यांना पुळण 'स्वच्छ' दिसावी म्हणून पुढची सगळी वेल ओढून काढायला लावली होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळू व्हरांड्यात आली. 'बाई, आता भिंत बांधू का?' असं ते विचारत होते. भिंत बांधू नका म्हटलं. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू आणखी ओढून नेते. शिवाय वाळूच्या टेकड्या किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सगळ्यात कडक गटात आहेत, तिथे सपाटीकरण किंवा बांधकाम करायला जाऊ नये.

बी लावण्यापेक्षा खोडाचे तुकडे लावणं सोपं. जिथे वेल दाट आहे तिथूनच घ्या, आणि ज्या गावची पुळण त्याच गावची वेल. जोमदार खोडाचे हातभर, चार-पाच पेरांचे तुकडे कापा. चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवा. सप्टेंबरचा शेवटचा पाऊस चालू असताना, उधाणाच्या कचऱ्याच्या ओळीपासून बऱ्यापैकी वर, तुकडा आडवा ठेवून निम्मी पेरं वितीएवढी खोल गाडा, शेंडा बाहेर. वितीपेक्षा वर ठेवलं तर वाऱ्याने उघडं पडतं. दोन तुकड्यांत मीटरभर अंतर. पाऊस थांबला तर पहिले दोन-तीन आठवडे विहिरीचं पाणी द्या, पुढे काही लागत नाही. खत घालू नका. माती तर मुळीच आणून टाकू नका, मातीबरोबर बेशरम आणि घाणेरी येते.

बीपासूनच करायचं असेल तर कवच फोडावं लागतं. बी जिथे बोंडाला चिकटलेली असते तो डाग सोडून विरुद्ध बाजूला कानस किंवा पॉलिशपेपरने घासा, आतला फिका भाग जरासा दिसेपर्यंत. रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेल्या बिया लावा, न फुगलेल्या पुन्हा घासा. उगवल्यावर येणारी पहिली दोन पानं, म्हणजे बीजपत्रं, खोल दुभागलेली असतात. ती खरी पानं समजून लोक उगाच मोजतात. खरी पानं नंतर येतात.

भाजी म्हणून खाता येते का, हेही विचारतात, रताळ्याची बहीण ना! नको. या वेलीत तीव्र रेचक राळ असते. थायलंड आणि ऑस्ट्रेलियात पानं जेलीफिशच्या डंखावर बाहेरून लावायची जुनी पद्धत आहे, पण तुम्हाला डंख झालाच तर आधी डॉक्टर.

लावलेल्या पट्ट्यातून जायला-यायला एकच वाट ठेवा, तिरकी. समुद्राकडे सरळ काढलेल्या वाटेतून वारा वाळू उडवून नेतो आणि तिथे खिंड पडते. वाटेच्या दोन्ही बाजूंना बांबूचे खुंट आणि काथ्या पुरे. गुरं आणि मोटारसायकली एवढं आवरलं, तर पहिल्या उन्हाळ्याच्या आत तुकडे एकमेकांना भेटतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत रावणाची मिशी बहुधा आपोआप येते. ती उपटू नका. पाहुण्यांच्या पायाला टोचते म्हणून तक्रार आली तर वाट थोडी सरकवा.